सप्टेंबर संपेपर्यंत

तो दुसऱ्यांदा आत आला तेव्हा देस्पिनाला वाटलं, काहीतरी विसरून गेला असेल. दाराची घंटी किणकिणली, मघासारखीच मान जराशी वाकवून तो चौकटीखालून आत शिरला, मघासारखाच हसला आणि म्हणाला, "एक पॅन्ट आखूड करायची होती. क्लबचं जेवण आहे ना, त्यासाठी." पॅन्ट तिच्या मांडीवर होती. एका पायाची शिवण उसवून झाली होती, दुसऱ्याला टाचण्या तशाच होत्या. आधी तिला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. एकोणीस वर्षांची पोरं अशी थट्टा करतात, आणि या पोराकडे तर सध्या सगळं शहर हसून पाहत होतं. म्हणून तीही हसली. "अरे वा, दुसरीपण आणलीस?" तो आपल्या हातांकडे पाहू लागला. हात रिकामे होते. ते उलटसुलट करून पाहिल्यावर त्याची नजर तिच्या मांडीवर गेली, आणि मानेपासून कानापर्यंत तो लाल होत गेला.

"मी आलो होतो का?"

"आत्ताच तर. त्या स्टुलावर उभा होतास. तुमच्या गव्हाबद्दल बोललास, पाऊस कमी झाला म्हणालास."

"हो, हो. बरोबर," तो म्हणाला. उत्तर येत नसलेला मुलगा वर्गात मान हलवतो तसं. मग गल्ल्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका हं. प्लीज. झोप नीट झालेली नाही, एवढंच." बाहेर पडून तो डावीकडे वळला, थांबला, सिडनी रोडवरून गेलेल्या ट्रामकडे पाहत राहिला आणि मग उजवीकडे चालू लागला.

समोरच्या खाटकाच्या काचेवर त्याचंच मोठं चित्र लावलेलं होतं. रोरी क्विल्टी, बिनबाह्यांच्या हिरव्या-पांढऱ्या जर्सीत, कुणाच्या तरी खांद्यावर गुडघा रोवून उंच गेलेला, इथल्या फुटबॉलचा लांबट चेंडू बोटांच्या टोकांवर. मॅलीच्या कोरड्या गव्हाच्या मुलखातून गेल्या वर्षाअखेरीस क्लबनं त्याला निवडून आणलं, तेव्हा कुणालाच त्याचं फारसं कौतुक नव्हतं. हडकुळा आहे, दोन वर्षं लागतील, असं सगळेच म्हणाले. मग हिवाळ्यात मोठा फॉरवर्ड गुडघा धरून बसला, या पोराला आत घेतलं, आणि त्यानं चेंडू असे काही झेलायला सुरुवात केली की म्हातारी माणसं स्टँडमध्ये उभी राहून टोप्या काढू लागली. गेल्या शनिवारी तिसऱ्या सत्रात तो असाच उंच गेला आणि मागून कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानामागे बसला. मोठ्या पडद्यावर ते पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि दर वेळी सगळं मैदान एकदम श्वास आत ओढत होतं. तो पडला आणि लगेच उठला. जरा जास्तच लगेच, असं देस्पिनाला तेव्हाही वाटलं होतं. डॉक्टर त्याला आत घेऊन गेले. सत्र संपायच्या आत तो परत आला तेव्हा गोल झाल्यासारखा आरडाओरडा झाला. मेंदूला धक्का बसलाय असं डॉक्टरांनी ठरवलं असतं, तर नियमाप्रमाणे त्याला जवळजवळ दोन आठवडे बाहेर बसावं लागलं असतं. म्हणजे बाद फेरीचा महिना, त्याचा सप्टेंबर, तिथंच संपला असता, आणि कदाचित क्लबचाही.

ती पुन्हा उसवायला बसली, पण दोन टाके काढून तिनं पॅन्ट बाजूला ठेवली.  तिला त्या पोराची भीती वाटली नव्हती. पोर तर गोड होतं. भीती वाटली होती त्या रिकाम्या हातांची. असे हात तिनं पाहिले होते. स्वयंपाकघरात मध्येच उभा राहून मनोली असाच हात उलटसुलट करून पाहायचा, जणू काहीतरी धरलेलं होतं आणि ते कुणीतरी काढून घेतलं. मनोली, तिचा नवरा. क्लबनं शेवटची प्रीमियरशिप जिंकली त्या वर्षीचा मनोली. त्या अंतिम सामन्यात दुसऱ्या सत्रात तो मैदानावर निपचित पडला होता, आणि चौथ्या सत्रात डोक्याला पट्टी गुंडाळून परत आला होता. पट्टीतून रक्त गळत असताना त्यानं मारलेला गोल अजून दर सप्टेंबरात टीव्हीवर दाखवतात. त्या गोलानंतर तो कुठल्याही दुकानात गेला तरी कुणी पैसे घेत नसे. लग्नात तिच्या बापानं पाहुण्यांना नवऱ्याची ओळख नावानं करून दिली नव्हती. कपाळावरच्या वणावर बोट ठेवून करून दिली होती. पुढची वीस वर्षं बरी गेली. मग तो चिडू लागला, मग शब्द हरवू लागला, मग एके दिवशी कसल्याशा कारणावरून त्यानं तिच्या तोंडावर मारलं. ती सिंकपाशी बर्फ धरून उभी होती तर मागून येऊन त्यानं तिची हनुवटी वर केली आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कुणी मारलं तुला?" आणि मारणाऱ्याला शोधायला तो अनवाणी रस्त्यावर गेला. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आता तो नॉर्थकोटच्या वृद्धनिवासात होता, खिडकीपाशी, शांत. कपाळावरच्या त्या वणावर तिथल्या मुली क्रीम चोळायच्या.

गुरुवारी सराव पाहायला ती गेली ती मुद्दाम त्याला पाहायला. एरवी दुकान बंद करून ती जात नसे. कुंपणाला लागून गर्दी होती, बापांच्या खांद्यांवर पोरं, ओल्या गवताचा आणि मालिशच्या तेलाचा वास. मर्व्ह आणि ट्रुडी नेहमीच्या जागी होते. मर्व्ह म्हणजे आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला; सामन्यांना तो तिच्या डाव्या बाजूला बसतो, त्याची बायको होती तेव्हापासून. ट्रुडी उजवीकडे. पन्नाशीही न गाठलेली, बँकेत कामाला, सगळ्या खेळाडूंची वयं आणि दुखापती तोंडपाठ. दोघांचं भांडण ऐन रंगात आलेलं होतं.

"पोरगं तयार कुठं होतं?" मर्व्ह म्हणत होता. "मैदानात. राखीव संघात काय होतं? शेजारचा पोस्टमन येऊन कोपर मारतो, एवढंच."

"दोन वर्षं द्यायला हवी होती," ट्रुडी म्हणाली. "हाडं भरू देत की जरा. आपण तीन पोरं अशीच जाळली, मर्व्ह. तीन! त्या लालकेशाचं आठव. अठराव्या वर्षी डोक्यावर घेतलं, बाविसाव्या वर्षी टाइल्स विकतोय."

"टाइल्स चांगल्या विकतो तो. माझ्या बाथरूमला त्याच्याच आहेत."

"विनोद करू नकोस."

"विनोद कोण करतंय? कॅप्टन किती वर्षांचा? बचावातले ते दोघं पुढच्या वर्षी असतील? नसतील. यंदा नाही तर मग मी मेल्यावर. तू तरुण आहेस, तुला काय, तू थांबशील." मर्व्हनं थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि देस्पिनाकडे वळून नेहमीचा हुकमी पत्ता टाकला. "हिला विचार! हिच्या मनोलीला कुणी सांगितलं होतं का, बाळा, हाडं भरू देत म्हणून? डोक्याला पट्टी, पट्टीतून रक्त, आणि गोल! किती वर्षांचा होता गं देस? एकवीस?"

"बावीस."

"बावीस! हे असं घडतं पोरगं."

 त्या गोलापुढे सगळेच गप्प होत. देस्पिनाला वाटलं, मर्व्हला विचारावं, तू त्याला भेटायला का येत नाहीस रे? पण उत्तर तिला माहीत होतं. पहिल्याच वर्षी तो म्हणाला होता, मला तो होता तसाच आठवू दे. तिला त्याचा राग आला नव्हता. उलट हेवाच वाटला होता. आठवणीतला माणूस कसा ठेवायचा हे ठरवण्याची सोय तिला कधी मिळालीच नव्हती.

सराव संपल्यावर खेळाडू कुंपणाशी आले. रोरी टोप्यांवर, कागदांवर सह्या करत हळूहळू त्यांच्याकडे सरकत होता. जवळून तो नीट दिसत होता, गाल लाल, केस ओले. कुणीतरी ओरडलं, "क्विल्टी, शनिवारी चार गोल मार!" तो म्हणाला, "पाच मारतो, काका," आणि लोक हसले. किती चांगला दिसतोय, तिला वाटलं. माझंच काहीतरी चुकलं असेल. मनोलीमुळं मला आता सगळीकडे तेच दिसतं. तेवढ्यात तो तिच्यासमोर आला. पेन वर धरून, डोळ्यांत पाहून, तेच हसू हसत त्यानं विचारलं, "नाव काय लिहू?"

तिच्याकडे सही घ्यायला काहीच नव्हतं. ट्रुडीनं आपला मफलर पुढं केला. "हिचं लिही, देस्पिना." त्यानं नाव विचारून विचारून नीट लिहिलं आणि पुढं गेला. त्यानं ओळखलं नव्हतं का? की ओळखूनही, इतक्या लोकांत, मुद्दाम ओळख दाखवली नव्हती? सांगू नका म्हणाला होता, त्यामुळं असेल. ती त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. पाठीवरून काही कळत नव्हतं. थंडी एकाएकी कोटाच्या आत शिरली.

ट्रुडी गाडीनं गेली. ट्राममध्ये देस्पिना आणि मर्व्ह शेजारी बसले, आणि तिनं त्याला सांगितलं. पॅन्टचं, टाचण्यांचं, रिकाम्या हातांचं, आणि आत्ताच्या त्या सहीचं. सांगताना ते फारच किरकोळ वाटत होतं. मर्व्ह समोरच्या दांड्याकडे पाहत होता.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. सप्टेंबर संपेपर्यंत."

"मर्व्ह, मनोलीला—"

"मनोलीची गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी?"

"तेव्हा डॉक्टर कुठं होते? एक माणूस स्पंज घेऊन धावायचा. आता डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत. त्यांना कळत नाही नि तुला कळतंय? पोर दमलंय. घाबरलंय. एवढं सगळं अंगावर आल्यावर मी तर माझं नाव विसरलो असतो." आवाज त्यानं मऊ केला. "देस, तुलासुद्धा हे हवंय. खोटं बोलू नकोस माझ्याशी."

 हवं होतंच. मनोली घरातून गेल्यापासून आठवड्यात एकच दिवस असा असायचा की तिला स्वतःचं ओझं वाटत नसे. मर्व्ह त्याच्या थांब्याच्या एक थांबा आधीच उतरला, आणि हात न करता चालू लागला.

शुक्रवारी सकाळी तिनं क्लबला फोन केला. तिकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता. देस्पिना बोलत असताना ती मध्ये मध्ये "अच्छा" म्हणत होती. शेवटी तिनं विचारलं, आपण डॉक्टर आहात का? नातेवाईक? मग म्हणाली, खेळाडूंची तब्येत आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तुमची काळजी मी योग्य त्या व्यक्तीपर्यंत नक्की पोचवते. फोन ठेवल्यावर देस्पिनाच्या लक्षात आलं, त्या मुलीनं तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. एक नंबर तिच्यापाशी होता. पॅन्ट टाकताना फोन नंबर मागितला तेव्हा रोरीला स्वतःचा आठवेना. हसत हसत त्यानं शेतावरच्या घरचा दिला होता. तो लहानपणापासून पाठ आहे, म्हणाला होता. दुपारपर्यंत ती त्या आकड्यांकडे पाहत बसली. मग तिनं मशीन बंद केलं आणि फोन लावला.

हेदर क्विल्टीनं पहिल्याच रिंगला उचलला. मागं कुत्रं भुंकत होतं. देस्पिनानं नाव सांगितलं, दुकानाचं सांगितलं, आणि मनोलीची बायको आहे हेही सांगून टाकलं, म्हणजे तरी ती ऐकेल म्हणून. ती ऐकत होती. कुत्रं गप्प झालं. कुणीतरी त्याला बाहेर काढलं असावं.

"रविवारी त्यानं मला तीनदा फोन केला," हेदर म्हणाली. "तिन्ही वेळा तेच सांगितलं. मला वाटलं, खुशीत आहे."

"त्याला उद्या खेळू देऊ नका."

 देस्पिनाला त्या घरातली शांतता जाणवत होती, पावसाविना खुरटलेल्या गव्हापर्यंत पसरलेली.

"तुम्हाला माहितेय, त्याचे वडील आज सकाळीच निघालेत," हेदर शेवटी म्हणाली. "सगळ्या गावाला घेऊन. बस केलीय. शाळेला सुट्टी दिलीय. पाच वर्षांचा होता तेव्हापासून हे पोर दुसरं काही बोललेलं नाही. मी काय सांगू त्याला? एका शिंपिणीचा फोन आला होता म्हणून?" तिचा आवाज फाटला, मग पुन्हा सरळ झाला. "तुमचा नवरा... त्यांना पश्चात्ताप होतो का? खेळल्याचा?"

देस्पिना विचार करू लागली. खरं उत्तर असं होतं की मनोलीला तो सामनाच आठवत नाही, आणि ते सांगायला तिनं तोंड उघडलंही. पण हेदर तिच्या गप्प राहण्यातून दुसरंच काहीतरी समजली होती. "बघा," ती म्हणाली, जवळजवळ आभार मानल्यासारखी. "पुन्हा फोन करू नका, प्लीज." आणि तिनं फोन ठेवला.

शनिवारी, उपांत्य सामन्याच्या दिवशी, मोठ्या मैदानाकडे जाणारी वाट हिरव्या-पांढऱ्या मफलरांनी भरून गेली होती. उत्तरेचा वारा सुटला होता, सप्टेंबरात सुटतो तसा कोरडा, आणि लोक उगाच मोठ्यानं हसत होते. देस्पिना येणार नव्हती. सकाळी कोट घालेपर्यंत तिचं ते ठरलेलं होतं. मर्व्हनं तिच्यासाठी जागा पुसून ठेवली होती. ट्रामचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. ट्रुडी आकडे सांगत होती. त्यांचे बचावातले दोघं उंच आहेत, क्विल्टीला एकटा पाडणार, आज त्याची परीक्षा आहे. "मी म्हणते ते म्हणते," ट्रुडी म्हणाली, "दोन वर्षं थांबायला हवं होतं. पण आता आलाच आहे, तर मार बाबा पाच."

खेळ सुरू झाला आणि देस्पिना चेंडूकडे पाहीना. ती फक्त त्याच्याकडे पाहत होती. चेंडू दुसऱ्या टोकाला असायचा, सगळ्यांच्या माना तिकडे वळलेल्या असायच्या, आणि ती एकटी त्या रिकाम्या भागात उभ्या असलेल्या पोराकडे पाहत असायची. तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. मधेच डोकं झटकायचा, माशी बसल्यासारखं. पहिल्या सत्रात त्याला चेंडू मिळालाच नाही, दुसऱ्यात दोन झेल सुटले, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अजून कच्चा आहे!" तिला बरं वाटलं. काढा त्याला, ती मनात म्हणाली. कच्चा आहे, काढा. पण तिसऱ्या सत्रात त्यानं एक गोल मारला, मग आणखी एक. प्रत्येक वेळी तो चेंडूखाली जायचा तेव्हा तिच्या कानामागे काहीतरी आवळलं जायचं आणि तो उठला की सैल व्हायचं. असं इतक्यांदा झालं की हळूहळू ते आवळणं आणि सामना यांतला फरक तिला कळेनासा झाला. शेजारचे सगळेही तसेच आवळत आणि सैल होत होते. तेही घाबरलेले होते, फक्त दुसऱ्या गोष्टीला.

शेवटच्या सत्रात थोडा वेळ उरला होता, आणि संघ चार गुणांनी मागं होता. कुणीतरी मधल्या भागातून चेंडू उंच टोलवला. तो वाऱ्यात अडकून हलत हलत खाली येऊ लागला, आणि खालून रोरी धावत आला. उलटा. चेंडूवर नजर ठेवून, पाठीमागून तीन माणसं अंगावर येतायत हे न बघता. या खेळात याच्याहून धाडसाचं काही नाही. मैदानातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं, म्हणून अशा वेळी एक क्षणभर कुणी ओरडत नाही. त्या शांततेत देस्पिनाला एक आवाज ऐकू आला, घसा फाटेपर्यंत ओरडणारा, "जा! जा!" आणि तो तिचाच होता. ती उभी होती. मूठ वर होती. चारही शरीरं एकमेकांवर आदळली, खाली गेली, आणि त्या ढिगातून पोराचा हात वर आला. त्यात चेंडू होता.

झेल घेतला की मिळते त्या मोकळ्या किकवर त्यानं गोल मारला, सहा गुणांचा. मग काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनीच कळलं. ट्रुडी तिच्या गळ्यात पडून रडत होती, कुणाचा तरी चहा तिच्या बुटावर सांडला होता, कुणी अनोळखी माणूस तिच्या केसांचा मुका घेत होता. ती हसत होती. किती तरी वर्षांत हसली नव्हती अशी, पोटापासून. तसं हसत हसतच तिनं खाली पाहिलं. चेंडू मध्यावर परत नेत होते, खेळाडू आपापल्या जागी चालले होते. रोरी चालला होता पलीकडच्या खांबांकडे. तिसऱ्या सत्रात ते ज्या टोकाला गोल मारत होते, तिकडे. दर सत्राला टोकं बदलतात. लहान पोरालाही हे कळतं. तो मान खाली घालून, शांतपणे, चुकीच्या दिशेनं धावत चालला होता. कॅप्टन पंचाशी काहीतरी बोलत होता. बोलणं न थांबवता, मान न वळवता, त्यानं हात लांब केला, जवळून जाणाऱ्या रोरीचं कोपर धरलं, त्याला अर्धवर्तुळात वळवलं आणि पाठीवर हलकेच थोपटून योग्य दिशेला लावून दिलं. कॅप्टनच्या हाताला याची सवय होती. पोरगा वळला, त्याच चालीनं धावत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. संघातला दुसरा एकजण ते पाहत होता. त्यानं नजर काढून घेतली.

भोंगा वाजला तेव्हा ते दोन गुणांनी पुढं होते. म्हणजे पुढल्या शनिवारी अंतिम सामना. आजूबाजूला सगळे उड्या मारत होते. फक्त मर्व्ह बसलेला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, चेहरा राखेसारखा. तो मैदानाकडे पाहत नव्हता, ज्या जागेवरून कॅप्टननं पोराला वळवलं होतं तिकडे पाहत होता.

"देस," तो म्हणाला.  "पाहिलंस तू? आत्ता ते?"

तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. ते कसं काढायचं तिला सुचेना. खाली पोराला दोघांनी खांद्यावर उचललं होतं आणि तो उन्हात डोळे बारीक करून, कुठल्या बाजूला हात हलवायचा हे न कळून, दोन्हीकडे हलवत होता. सगळं मैदान त्याचं नाव घेत होतं.

"काय?" ती म्हणाली.

मर्व्हनं तिच्याकडे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली, जणू त्याला उत्तर मिळालं होतं, आणि तिचा हात धरून उठला, कारण क्लबचं गाणं सुरू झालं होतं आणि ते बसून गायचं नसतं.